शाळेला खरं बोलणं परवडू दे

अगं, गटशिक्षणाधिकारी म्हणून तुझी ऑर्डर निघाली, पेढे वाटून झाले, आता जरा बस आणि आत्याचं ऐक. तू आयोगाची परीक्षा देऊन थेट गट-बमध्ये आलीस. मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी अशी पायरीपायरीनं गेले आणि तुझ्या खुर्चीच्या एक पायरी खाली निवृत्त झाले. ती खुर्ची मी बसून पाहिलेली नाही. तिच्यासमोर फाइल घेऊन उभं राहून मात्र खूप पाहिलीय.

रुजू होशील त्याच आठवड्यात कुणीतरी केबिनमध्ये येऊन हळू आवाजात सांगेल, "मॅडम, हा तालुका कडक हातानं धरावा लागतो. मास्तर लोक फार बेरकी आहेत." ऐकून घे, चहा पाज आणि सोडून दे. मास्तर बेरकी असतातच, मीही होते. तू वेगळाच प्रश्न स्वतःला विचार. तुझ्या तालुक्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाला उद्या तुला खरं सांगावंसं वाटलं, तर त्याला ते परवडेल का? खऱ्याचा भुर्दंड खोट्यापेक्षा मोठा असेल, तर शहाणा माणूस खोटंच सांगणार. मग आपण आढावा बैठकीत 'क्षेत्रीय स्तरावर विश्वासाचा अभाव' असं म्हणत बसायचं.

पटाचंच घे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 ला तीन असा हिशेब आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष मधूनमधून बदलतात, पण 30 सप्टेंबरच्या पटावर पद ठरतं हे काही बदलत नाही. एका मुलाच्या फरकानं पद जाणार, कोण अतिरिक्त ठरणार, त्याचं समायोजन कुठल्या डोंगरातल्या शाळेत होणार, ही चर्चा जुलैपासून सुरू होते. अशा वेळी हजेरीतलं एखादं नाव तसंच राहतं. मूल कधीच मामाच्या गावाला गेलेलं असतं, नाहीतर पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात असतं. पुढे एकाची चार नावं होतात.

2011 साली 3 ते 5 ऑक्टोबरला अख्ख्या राज्यात एकदम पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात ती करून दाखवली गेली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. पटावर असलेली आणि वर्गात नसलेली नावं लाखांत निघाली. पडताळणी व्हायलाच हवी होती, त्या नावांच्या मागे तुकड्या होत्या, अनुदान होतं, धान्य होतं. पण आपल्या खात्यानं त्यातून अर्धाच धडा घेतला. मोजणी कडक करायला आपण शिकलो, पुढे आधारही जोडलं. खरा आकडा आपणहून घेऊन येणाऱ्याच्या पदरात काय पडतं, याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

तेव्हा एखादा मुख्याध्यापक जुलैमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, यंदा पट 58 वर येतोय," तर 'का कमी झाला' असं त्याच्यावर खेकसू नकोस. त्याला खुर्ची दे. मुलं कुठे गेली ते नावानिशी विचार. आधारच्या भानगडीत किती अडकली ते विचार: नावाचं स्पेलिंग जुळत नाही, जन्मतारीख वेगळी, लहान मुलाचा अंगठाच उमटत नाही. ही मुलं रोज वर्गात बसतात आणि संगणकाला दिसत नाहीत. गटसाधन केंद्रातला ऑपरेटर त्या शाळेच्या केंद्रावर बसव, तहसील कार्यालयाशी बोलून आधारचा कॅम्प लाव. तीन-चार मुलं सापडली तर पद वाचेल. नाही सापडली तर जाईल. तरीही तो मुख्याध्यापक पुढच्या वर्षी खराच आकडा घेऊन येईल, आणि शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळांना सांगेल की मॅडमनी बसायला खुर्ची दिली.

तुला मिळालेला तालुका मराठवाड्यातला, ऊसतोडीचा. म्हणजे तुझ्याकडे पटाचा प्रश्न वर्षातून दोनदा येणार. दिवाळी झाली की कोयते निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार आणि संसारावर पोरं. 30 सप्टेंबरला भरलेला वर्ग डिसेंबरात अर्ध्यावर येतो. जी शाळा हजेरीत हे खरं लिहिते तिला पत्र जातं, 'उपस्थिती समाधानकारक नाही, खुलासा सादर करावा.' जी लिहीत नाही तिचं सगळं आलबेल! मग पोषण आहाराचा हिशेब लागतो. पहिली ते पाचवीला एका मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. फडावर गेलेली 20 मुलं हजर दाखवली, तर दिवसाला दोन किलो आणि शाळेच्या 24 दिवसांत 48 किलो. हजेरी खोटी म्हणून तांदूळ शिल्लक, आणि शिल्लक तांदूळ दिसायला नको म्हणून तो नाहीसा करायचा. ज्या मास्तरनं आयुष्यात कुणाचा रुपया खाल्ला नाही, तोही या साखळीत सापडतो. नंतर तुझी तपासणी होते आणि तो चोर ठरतो. पहिली कडी आपल्या नोटिशीची होती, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

खरी यादी वेळेत हाती आली तर किती करता येतं बघ. हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप फडावर गेले तरी मूल गावातच राहतं, जेवतं, शाळेत जातं आणि शाळा व्यवस्थापन समिती लक्ष ठेवते. पण प्रस्ताव कोयते निघण्याआधी मंजूर व्हावा लागतो. वसतिगृह डिसेंबरात सुरू झालं तर ते वरातीमागून घोडं. तोवर पोरगी पाचटात भावंडं सांभाळायला लागलेली असते. त्यासाठी दसऱ्याच्या आत यादी पाहिजे: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, घरात आजी मागे राहते का. ही यादी जगात फक्त एका माणसाकडे असते, वर्गशिक्षकाकडे. ती वसतिगृहासाठी वापरली जाणार, नोटिशीसाठी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असलं तरच तो देईल. पहिल्या वर्षी तो अर्धीच देईल. राग मानू नकोस.

मोबाइलवरच्या ग्रुपचं सांगते. सकाळी परिपाठ चालू असतो आणि मेसेज येतो: 'अत्यंत तातडीचे. आज सायं. 5 पर्यंत सोबतच्या लिंकमध्ये माहिती भरावी. विलंबाची सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' दोन शिक्षक, पाच वर्ग. एक जण रेंज शोधत पाण्याच्या टाकीजवळ उभा राहतो, दुसरा पाच वर्गांना पाढे म्हणायला लावतो. आणि मागितलेलं काय? शौचालयं किती, खोल्या किती, मुली किती. हे सगळं शाळेच्या 11 अंकी यू-डायस क्रमांकाखाली आधीच भरलेलं असतं. शौचालय काय दर महिन्याला नवं उगवतं?

तू एक वही कर. कोणती माहिती यू-डायसमध्ये आहे, कोणती सरलमध्ये, कोणती शालार्थमध्ये, कोणती पोषण आहाराच्या ॲपवर, हे त्यात लिहून ठेव. वरून पत्र आलं की शाळांकडे ढकलण्याआधी ती वही उघड. दहा रकान्यांतले आठ तुझ्याच ऑफिसात भरता येतात. उरलेले दोन शाळांना विचार आणि दोन दिवस दे. 'निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा' हे वाक्य तर तालुक्यातून हद्दपार कर. ज्याच्याकडे काही नाही त्यानं गप्प बसावं, एवढी मुभा असली पाहिजे. माहिती गोळा झाल्यावर तिचं काय झालं हेही कळव. शंभर वेळा माहिती देऊन एकदाही उत्तर न आलेला माणूस एकशे एकाव्या वेळी मनाला येईल तो आकडा टाकतो. त्याच आकड्यांवर वर नियोजन चालतं.

अशैक्षणिक कामांची ओरड तर तू ऐकणारच आहेस. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 नं दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच कामांना शिक्षक देता येतात. बाकीच्या कामासाठी तोंडी मागणी आली की लेखी मागायचं. निम्म्या मागण्या तिथेच विरतात. निवडणुकीचं काम टळत नाही, पण दोनशिक्षकी शाळेतले दोघेही एकाच वेळी उचलले जाऊ नयेत, एवढं तहसीलदारांशी आधी बोलून तू करू शकतेस. यादी तयार होत असताना बोललीस तर जमतं, आदेश निघाल्यावर नाही.

आता शेरेबुक. शाळाभेटीची ती वही पाहिलीस की खात्याचा शंभर वर्षांचा स्वभाव कळतो. 'दप्तर अपूर्ण. टाचण नाही. सुधारणा आवश्यक.' खाली लफ्फेदार सही. वर्गात काय चाललं होतं, याबद्दल एक अक्षर नाही, कारण साहेब वर्गात गेलेच नव्हते. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले, मुख्याध्यापक शेजारी उभे राहिले, कपाट उघडलं गेलं, नारळपाणी आलं.

तू मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसू नकोस. ती तुझी नाही. पहिली भेट सांगून कर. त्यानंतर न सांगता गेलीस तरी चालेल, कारण येणारी बाई काय पाहते हे एव्हाना कळलेलं असेल. परिपाठाला पोच, मुलांच्या मागे बस, एका वर्गात पूर्ण तास काढ. शिक्षक चुकलाच तर मुलांसमोर दुरुस्त करू नकोस. तू निघून जाशील, त्याला त्याच मुलांसमोर वर्षभर उभं राहायचंय. खिचडी मुलांच्या पंगतीत बसून खा. चव घेणं हीच सगळ्यात चांगली तपासणी, आणि स्वयंपाकीण मावशींचं मानधन कधीपासून आलं नाही हेही तिथेच कळतं. गाडीतून डबा काढून ऑफिसात जेवलीस की तुझ्या दहा भाषणांवर पाणी पडलं म्हणून समज.

शेरा लिहिताना दोन भाग कर. वर, तू काय पाहिलंस: 'तिसरीतली सात मुलं हातच्याची वजाबाकी करत नाहीत. शिक्षिका काड्यांचे गठ्ठे वापरून शिकवत आहेत, पद्धत योग्य आहे.' खाली, कार्यालय काय करणार: 'गळक्या खोलीचा निर्लेखन प्रस्ताव या महिन्यात पुढे पाठवणे, जबाबदारी माझी.' पुढच्या भेटीत आधी आपलाच मागचा शेरा सगळ्यांसमोर वाच. तुझं काम झालं नसेल तर तसं लिही. शेरेबुकात साहेबाचं राहिलेलं काम लिहिलेलं त्या शाळेनं कधी पाहिलेलं नसतं. हे दोनदा घडलं की तिसऱ्या भेटीत शिक्षिका आपणहून सांगेल, "मॅडम, सातांतली दोघं अजून तिथंच अडलीत." तेवढ्यासाठी मैलन्‌मैल गाडी घेऊन जायचं असतं.

आणि भेटीचे फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकू नकोस. वाईट शाळेचे तर नाहीच, चांगल्या शाळेचेही जपून. एकाची वाहवा टाकलीस की बाकीचे मनात म्हणतात, यांच्याकडे लोकवर्गणी आहे, आमच्याकडे काय आहे?

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव तू ऐकलं असशील. प्रतिभा भराडे तिथे विस्तार अधिकारी होत्या. म्हणजे पद माझंच आणि अधिकारही तेवढेच. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीनं शिकणं उभं केलं, आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून ते पाहायला गेल्या. परतल्यावर बहुतेकांनी काय केलं? फरशीवर ऑइलपेंटनं अक्षरं आणि आकडे रंगवले. रंग उचलायला सोपा होता. पर्यवेक्षकानं वर्गात खाली बसायचं, शिक्षकाबरोबर त्या मुलाचा विचार करायचा, ही गोष्ट काही उचलता आली नाही, कारण ती परिपत्रकात बसत नाही. माझ्या मते त्या बीटचं खरं यश भिंतीवर दिसणारं नव्हतंच.

त्याच सुमारास, 22 जून 2015 ला, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासननिर्णय आला. हेतू उत्तम होता: प्रत्येक मूल शिकलं पाहिजे. पण आढाव्यात 'तुमच्या तालुक्यात किती शाळा प्रगत झाल्या' हा प्रश्न सुरू झाला आणि शाळा भराभर प्रगत होऊ लागल्या. जोडीला आयएसओ प्रमाणपत्रांची लाट आली, गेटवर कमानी लागल्या. शाळासिद्धीत 7 क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत, स्वतःचं मूल्यमापन स्वतः करायचं. कल्पना मला मनापासून आवडली होती. मात्र स्वतःला कमी गुण देणाऱ्या शाळेला मदत मिळण्याऐवजी समज मिळायला लागली, तर स्वयंमूल्यमापनाचं जे व्हायचं ते होतं. तुझ्या आढाव्यात पडद्यावर लाल-हिरव्या रंगात शाळांची उतरंड लावू नकोस. वाचता न येणाऱ्या मुलांचा सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या शाळेला पहिली मदत दे. साहित्य आलं तर तिला आधी, विषयतज्ज्ञ मोकळा असेल तर तिच्याकडे आधी. दुसऱ्या बैठकीला इतर शाळांचे आकडे वाढतील. घाबरू नकोस, मुलं बिघडलेली नसतात, आकडे सुधारलेले असतात. वरच्या साहेबांना हे समजावणं मात्र अवघड जाईल. ते तुझं काम आहे, शाळेचं नाही. जिल्ह्याच्या बैठकीत तुला झापलं म्हणून मुख्याध्यापकाचं नाव पुढे करू नकोस. तालुक्यात ती बातमी तुझ्या गाडीच्या आधी पोचते.

एक नाजूक विषय आहे, तो कुणी तुझ्यासमोर मोकळेपणानं काढणार नाही. मुख्यालयी राहण्याचा. शिक्षकानं शाळेच्या गावात राहायचं, त्यावर घरभाडे भत्ता, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव किंवा दाखला. प्रत्यक्षात बहुतेक जण तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहतात, कारण गावात भाड्यानं खोली नाही, नवरा-बायकोची शाळा दोन दिशांना, मुलं शिकायला शहरात. हे सरपंचाला माहीत आहे, केंद्रप्रमुखाला माहीत आहे, तुलाही पहिल्या दिवशी कळेल. दाखले मात्र सगळ्यांचे फाइलला आहेत. मोटारसायकली खोटं बोलत नाहीत, फाइली बोलतात! खात्यातली ही सगळ्यात मोठी उघडी गुप्त गोष्ट आहे आणि तिनं फार नासाडी केलीय. शिक्षक सेवेत शिरताच शिकतो की कार्यालयाला कागद हवा असतो, खरं नको असतं. शिवाय गावातल्या कुणाचं एखाद्या मास्तरशी बिनसलं की हाच विषय हत्यार म्हणून बाहेर येतो.

नियम बदलणं तुझ्या हातात नाही. पण नियम निवडून वापरू नकोस. ज्याच्यावर राग आहे त्याच्याच घराचं अंतर मोजायचं, असला उद्योग तुझ्या ऑफिसातून झाला तर सगळा तालुका तुझ्यापासून तुटला. तू शाळेची वेळ धर. घंटेला हजर असणं आणि शेवटच्या घंटेपर्यंत असणं, यात सवलत नको. कुठून येतोस यापेक्षा किती वाजता येतोस हे विचार. आणि हे विचारायचं तर तू स्वतः कुठे राहणार आहेस, तेही ठरव. तालुक्याच्या गावी घर घे. जिल्ह्याहून अप-डाउन करणाऱ्या अधिकाऱ्यानं वेळेवर बोललेलं लोक ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत.

या सगळ्यापेक्षा जास्त वजन मी एका गोष्टीला देते, ती म्हणजे बिलं. आमच्या धंद्यात याला कुणी शैक्षणिक विषय मानत नाही. वैद्यकीय बिल, पुरवणी बिल, भविष्य निर्वाह निधीचं कर्ज, बारा वर्षांनी लागणारी वरिष्ठ श्रेणी (जिला मास्तर लोक अजून चट्टोपाध्याय म्हणतात), चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी, सेवापुस्तकातल्या नोंदी. शिक्षक तुझ्या ऑफिसात येतो तो बहुतेक वेळा यासाठी. तिथे त्याला सांगतात, "टेबलवाले रजेवर आहेत," "त्रुटी आहे, पुन्हा सादर करा." त्रुटी एका दमात सगळ्या सांगत नाहीत, दर खेपेला एक सांगतात. मग कुणीतरी चहाच्या टपरीवर भाव सांगतो. बायकोच्या ऑपरेशनचं स्वतःचं बिल काढायला ज्यानं पैसे मोजले, तो तुझ्या गुणवत्तेच्या बैठकीत वही उघडून बसेल, मान डोलवेल आणि एक शब्द खरा बोलणार नाही. मी त्याला दोष देत नाही.

उपाय साधा आहे. आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला आवक क्रमांक आणि पोच. क्रमांकानं निपटारा, मधूनच उडी नाही, संघटनेच्या पदाधिकाऱ्याचीही नाही. त्रुटी असतील तर एकाच पत्रात सगळ्या, लेखी. आणि महिन्याला एक यादी ग्रुपवर: या क्रमांकापर्यंतची बिलं पुढे गेली, याच्या पुढची अनुदान नसल्यानं थांबली. नसलेल्या पैशाबद्दल शिक्षक समजून घेतो, त्याला घरात तेच करावं लागतं. दडवलेल्या क्रमांकाबद्दल समजून घेत नाही. लिपिक मंडळी सुरुवातीला नाराज होतील. त्यांनाही बसवून बोल. एकाच माणसाकडे तीन टेबलं असतील तर आधी तो भार वाटून दे. सगळे लिपिक खाणारे नसतात, काही नुसतेच थकलेले असतात.

पत्रांनाही हाच न्याय लाव. मुख्याध्यापकानं लिहिलं की खोलीची भिंत फुगलीय, मुलं बसवणं धोक्याचं आहे. कार्यालयानं उत्तर दिलं नाही. उद्या भिंत पडली तर दोष कुणाचा? त्याचा, कारण तो जागेवर होता. म्हणून तो आधी स्वतःला वाचवायला शिकतो, दर महिन्याला तेच पत्र पाठवतो, पोच घेतो, लॅमिनेट करून ठेवतो. त्याला एक उत्तर दे: 'ती खोली आजपासून बंद ठेवा, दोन वर्ग एकत्र बसवा, हा माझा लेखी आदेश समजावा, निर्लेखनाचा प्रस्ताव बांधकाम उपअभियंत्यांकडे पाठवला आहे.' चार ओळींत जबाबदारी तुझ्या अंगावर आली. घाबरण्यासारखं त्यात काही नाही; पगार त्याचाच मिळतो. नकार द्यायचा असेल तरी कारणासह दे. नकारानं माणूस खट्टू होतो, मौनानं तो कार्यालयावर फुली मारतो.

निनावी तक्रारींवर खुलासा मागण्याआधी फोन कर आणि मुख्याध्यापकाचं म्हणणं ऐक. गावात सरपंचकीचं राजकारण असतं, शाळेचं मैदान अर्ध्या भांडणांच्या मध्ये येतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांच्याशी सरळ बोललीस तर बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

मात्र इथे एक रेघ मारून ठेव. मुलाच्या अंगाला हात लागल्याची, छळाची, लैंगिक अत्याचाराची कुजबुज जरी आली, तरी विश्वास, सांभाळून घेणं, शाळेची अब्रू, यातलं काही मध्ये आणायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चौकशी समिती नेमून वेळ काढायचा नाही, गावाची समजूत घालायची नाही. मी ज्या विश्वासाबद्दल बोलतेय तो पट, पैसा, शिकवणं आणि अडचणी यांच्यापुरता. लेकराच्या बाबतीत तू शाळेची नाहीस, कार्यालयाचीही नाहीस, लेकराची आहेस. हे पहिल्याच मुख्याध्यापक बैठकीत सगळ्यांच्या तोंडावर सांग, म्हणजे नंतर कुणी भाबडेपणाचा आव आणणार नाही.

संघटनांना टाळू नकोस. मोर्चा आल्यावर भेटण्यापेक्षा दर महिन्याला ठरल्या दिवशी भेट. बदल्यांबाबत कुणाला शब्द देऊ नकोस. त्या आता ऑनलाइन होतात, तुझ्या हातात फारसं काही नसतं, आणि जे हातात नाही त्याचा शब्द दिला की हातात असलेल्याचाही शब्द खोटा ठरतो.

शाळांकडूनही अपेक्षा ठेव, ठेवलीच पाहिजे. दोन वर्षं असं वागूनही जो मास्तर वर्गात मोबाइल पाहत बसतो, खोटी हजेरी लावतो, त्याच्यावर कारवाई कर आणि ती पूर्ण तडीस ने. अर्धवट सोडलेल्या विभागीय चौकशीसारखी वाईट गोष्ट नाही. नोटिशी कागदावर राहतात आणि प्रामाणिक माणूस शेजारच्या वर्गात बसून हसतो. ज्या तालुक्यात खरं बोलणाऱ्याला संरक्षण आहे, तिथे कामचुकारावर कारवाई झाली की बाकीचे शिक्षक त्याच्यामागे उभे राहत नाहीत. हे मी माझ्या बीटमध्ये पाहिलंय.

तर आता जा. पहिला महिना एकही नवं परिपत्रक काढू नकोस, एकही उपक्रम जाहीर करू नकोस, हारतुरे घ्यायला थांबू नकोस. आधीच्या साहेबांच्या कपाटात पडून असलेल्या वैद्यकीय बिलांचं रजिस्टर मागव आणि सगळ्यात जुन्या क्रमांकापासून सुरुवात कर.